दोन हजार फेऱ्यांवरचा टॉर्क

"परत घे," टाकसाळ सर म्हणाले.

मी परत घेतलं. काचेपलीकडे लोखंडी चौकटीवर आवळून बसवलेलं इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांवर आणलं, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवला आणि आकडा स्थिर व्हायची वाट पाहिली. टॉर्क सत्त्याण्णव न्यूटन-मीटर. आधी दोन वेळा घेतलं तेव्हाही सत्त्याण्णवच आला होता.

"सुरुवातीला एकशे एक दाखवत होतं."

"तेव्हा इंजिन थंड होतं, सर. अर्धा तास तापवून मग जो येतो तो धरायचा असतो."

हे मी त्यांना सांगत होते. चाचणी कशी घ्यायची याची जी पुस्तिका आमच्या टेबलावर असायची, ती त्यांनीच लिहिलेली होती. मी नोकरीला लागले तेव्हा पहिल्याच आठवड्यात त्यांनी ती माझ्याकडून पानन् पान वाचून घेतली होती.

ते काचेवर तळहात टेकवून आत बघत राहिले. इंजिन पूर्ण जोरात चालू असलं की ती जाड काचसुद्धा थरथरायची, आणि तिच्याबरोबर त्यांचा हात. मग त्यांनी हात काढून घेतला आणि बाहेर निघून गेले.

दोन हजार सहा सालचा मे महिना होता. वाळूजच्या ज्या कारखान्यात मी काम करत होते तिथे छोट्या गाड्या बनायच्या. एक नवी गाडी यायची होती आणि तिच्यात कुठलं पेट्रोल इंजिन बसवायचं ते ठरायचं होतं. समोर तीन इंजिनं होती. पहिलं हजार सीसीचं, दहा वर्षं बाजारात चाललेलं; ते फक्त तुलनेपुरतं. दुसरं बाराशे सीसीचं, चार सिलिंडरचं. हे टाकसाळ सरांनी आणि त्यांच्या सहा माणसांनी कोऱ्या कागदापासून इथंच तयार केलं होतं, सात वर्षं खपून. तिसरंही बाराशेच, पण तीन सिलिंडरचं. त्याचे आराखडे परदेशातल्या एका सल्लागार कंपनीने दिले होते आणि त्यांची माणसं चार महिने आमच्याकडे राहून ते जुळवून देऊन गेली होती.

तिन्हींची पॉवर आणि टॉर्क एकाच पद्धतीने मोजायचे आणि एका कागदावर शेजारी शेजारी मांडायचे, हे काम माझ्याकडे आलं. मी सव्वीस वर्षांची, जालन्याहून आलेली, टेस्ट विभागातली एकुलती बाई. कुणाच्या गोटात नव्हते. म्हणूनच माझी निवड झाली असावी.

पॉवर आणि टॉर्कमधला फरक मी कॉलेजात शिकले होते, पण तो कळला कन्नडच्या घाटात. नोकरी लागून महिना झाला असेल. टाकसाळ सरांनी मला, आमच्याकडे इंजिनं जोडणाऱ्या शफीकभाईंना आणि आणखी दोघांना गाडीत घातलं, डिकीत वाळूची पोती टाकली, एसी चालू केला आणि भर दुपारी घाट चढायला लावला. मीच चालवत होते. एका वळणावर पुढच्या ट्रकमुळे वेग पडला, मी दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबला, तर गाडी नुसती घुमली, पुढे जाईना.

"आता काट्याकडे बघ," शेजारून सर म्हणाले. "किती फेऱ्या?"

"दोन हजार, सर."

"जाहिरातीत सहा हजारावरची पॉवर छापतात. किती हॉर्सपॉवर ते. रिकाम्या रस्त्यावर पळायला ती बरी. पण घरची माणसं भरून, सामान घेऊन जो माणूस घाट चढतो, त्याची गाडी इथं असते. दोन हजारावर. इथं ओढ किती आहे, तो टॉर्क. गाडी माणसाला इथं टाकून देते की सांभाळून नेते, एवढंच बघायचं."

त्यांच्या चार सिलिंडरच्या इंजिनाचं काम त्याच एका गोष्टीवर चाललं होतं. सहा हजारावर ते दोन-तीन हॉर्सपॉवर कमी पडलं तरी त्यांना चालणार होतं. निवडीचा निकष ठरवणाऱ्या बैठकीतही त्यांनी सगळ्यांशी भांडून तो मान्य करून घेतला होता: इंजिन पूर्ण तापलेलं असताना, दोन हजार फेऱ्यांवर, ज्याचा टॉर्क जास्त ते घ्यायचं. आणि आता तापल्यावर त्यांचंच इंजिन एकशे एकवरून सत्त्याण्णववर येत होतं.

त्या दुपारी इंजिन बंद करून मी बाहेर आले तेव्हा ते कूलिंग टॉवरच्या सावलीत उभे होते. तिथे पाण्याचे तुषार उडायचे, म्हणून उन्हाळ्यात सगळेच तिथे जाऊन उभे राहायचे. त्या वेळी मात्र दुसरं कुणी नव्हतं.

"ज्योत्स्ना, उद्या सहाला येशील?"

"सहाला?"

"सकाळी. हवा थंड असते. तेव्हा घेऊ."

खोलीतली हवा पस्तीस अंशांच्या वर असेल तेव्हाच हे माप घ्यायचं, असं पुस्तिकेत होतं. तो नियम त्यांनी का घातला हेही त्यांनीच मला समजावलं होतं. गरम हवेत पेट्रोल वेळेआधी पेटायला बघतं, इंजिन आतून ठोके द्यायला लागतं, आणि ते टाळायला ठिणगी मागे घ्यावी लागते. मग ओढ कमी होते. थंड हवेत घेतलेलं माप आपल्याकडच्या उन्हाळ्यात खोटं ठरतं.

"पस्तीसच्या वर पाहिजे ना, सर?"

"उन्हं वर आली की साडेआठला होतंच पस्तीस. माप सहाचं घेऊ, रजिस्टरला तापमान साडेआठचं लिहिता येईल."

ते पन्नाशी ओलांडलेले गृहस्थ होते. इस्त्रीचा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं. त्यांनी कधी कुणाकडे काही मागितलेलं मी पाहिलं नव्हतं.

"मला नाही जमणार, सर."

"हं."

"बाकी दोन्ही इंजिनं दुपारी घेणार आणि हे एकच—"

"बरोबर आहे तुझं," ते म्हणाले. "मी हे बोललोच नाही असं समज."

एवढं म्हणून ते ऑफिसकडे गेले. मी बराच वेळ तिथेच उभी होते. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही वाटला, की मी नाही म्हणू शकले.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, तीन सिलिंडरचं इंजिन घ्यायचं होतं. ते शेजारच्या दोन नंबरच्या सेलमध्ये बसवलेलं होतं. सेल म्हणजे इंजिन चालवायची बंद खोली. तिथे इंजिन जोडणं, पाणी, तेल, इंधन यांच्या नळ्या लावणं हे सगळं शफीकभाई बघायचे. त्या दिवशी ते आले नव्हते. जाफराबादला बहिणीच्या घरी मयत झाली होती. दुसऱ्या पाळीच्या माणसाने जोडणी केली. मी रजिस्टरचे रकाने भरले, तापमान, हवेचा दाब, इंधन, तेल, खाली सही केली आणि इंजिन चालू केलं.

ते इंजिन सुंदर चाललं. तीन सिलिंडरचा तो थोडा घोगरा आवाज, पण आकडे कसे सरळ रेषेत. अर्धा तास तापवलं, खोलीत एकेचाळीस अंश, आणि दोन हजारावर टॉर्क एकशे तीन. सहा हजारावर पंच्याऐंशी हॉर्सपॉवर. टाकसाळ सरांचं तिथे ब्याऐंशी होतं. मी तीन वेळा घेतलं. तिन्ही वेळा तेच.

शुक्रवारी जुनं हजार सीसीचं घेतलं. शनिवारी तिन्हींचा तक्ता आणि आलेख तयार झाला. टॉर्कच्या आलेखात तीन रेघा होत्या आणि दोन हजारावर सगळ्यात वर तीन सिलिंडरची रेघ होती. ती खाली कुठेच येत नव्हती.

संध्याकाळी विभागप्रमुख दिवेकर साहेबांनी बोलावलं. त्यांनी तक्ता बघितला, चष्मा काढला.

"टाकसाळांनी बघितलं हे?"

"त्यांच्या इंजिनाचं माप घेताना ते होते, साहेब."

"काही म्हणाले?"

"परत घ्यायला सांगितलं. तीनदा घेतलं."

"तसं नव्हे. त्यांचा जीव आहे त्या इंजिनात, मला माहीत आहे. तुमच्यावर काही दबाव आणला का? तुम्ही मोकळेपणी सांगा. तुमची बाजू मी घेतो."

मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा गप्प बसायला हवं होतं. सरांनी सांगितलं होतं, मी बोललोच नाही असं समज. पण त्या केबिनमध्ये कुणी मला पहिल्यांदाच असं महत्त्वाचं काहीतरी विचारत होतं.

"पहाटे घेऊ म्हणाले होते. हवा थंड असताना," मी म्हटलं. "मी नाही म्हटलं."

दिवेकरांनी मान हलवली. "शाबास," ते म्हणाले.

सोमवारी बैठक झाली. आठ-नऊ जण होते. मी तक्ता पडद्यावर दाखवला, आकडे वाचून दाखवले. टाकसाळ सर टेबलाच्या टोकाला बसले होते. ते आलेखाकडे बघत होते, पुढे वाकून, डोळे बारीक करून. माझं झाल्यावर त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"तीन सिलिंडरला इंधन कुठलं होतं?"

"साधं, सर. पंपावर मिळतं ते. रजिस्टरला आहे."

"नक्की?"

मी उत्तर द्यायच्या आधी दिवेकर बोलले. "टाकसाळ, मागच्या आठवड्यात तुम्हाला पहाटेची हवा पाहिजे होती. आज इंधनावर आलात. उद्या काय, मुहूर्त बघायचा?"

दोघं-तिघं हसले. सरांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. मी त्यांना सांगितलं आहे एवढंच त्यांना त्या क्षणी कळलं, आणि त्यांनी नजर टेबलावर आणली. त्यानंतर पूर्ण बैठकीत ते एक शब्द बोलले नाहीत. निर्णय तिथल्या तिथे झाला. तीन सिलिंडरचं घ्यायचं, चार सिलिंडरचं काम थांबवायचं.

बुधवारी सकाळी शफीकभाई कामावर परत आले. दहाच्या सुमारास माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. चाळिशीचा शांत माणूस, कानावर कायम पेन्सिल.

"मॅडम, दोन नंबरला निळा ड्रम कोणी लावला?"

"कुठला निळा ड्रम?"

"ते बाहेरचे लोक आणले होते ना, त्यांचं पेट्रोल. सेलच्या मागे त्याचे ड्रम ठेवलेत. लाइन अजून त्याच्यावरच आहे. मी सुट्टीवर जायच्या आधीपासून तशीच असणार. मला वाटलं गुरुवारच्या टेस्टला बदलून घेतली असेल."

ते सल्लागार आपल्या चार महिन्यांच्या कामासाठी उंची पेट्रोल मागवून घ्यायचे. ते लवकर पेटत नाही, ठोके देत नाही. गरम हवेतही त्याच्यावर इंजिन पूर्ण ताकद देतं. तीन सिलिंडरचं इंजिन पेट्रोल जास्त दाबून जाळणारं होतं, त्याला तर हा फरक फारच पडणार. मी उठले, त्यांच्याबरोबर मागे गेले. नळी निळ्या ड्रमला होती. इंधनाचा व्हॉल्व्ह कुठल्या ड्रमवर आहे हे इंजिनीअरने स्वतःच्या डोळ्यांनी बघून मग सही करायची, असं पुस्तिकेत आहे. मी बघितलं नव्हतं. रोज असायचं तसंच असेल म्हणून लिहून टाकलं होतं.

"बदला," मी म्हटलं. "इंजिन अजून चौकटीवरच आहे. परत घेऊ."

दुपारपर्यंत दोघांनीच ते केलं. साधं पेट्रोल, खोलीत एकेचाळीस अंश, अर्धा तास तापवून. दोन हजारावर आणल्याबरोबर इंजिनाचा आवाज बदलला. काचेतूनही तो ऐकू येत होता. आकडा खाली आला, थोडा हलला आणि थांबला. चौऱ्याण्णव. सहा हजारावरची पॉवरही टाकसाळ सरांच्या इंजिनापेक्षा एकाने कमी भरली. मी आणखी दोनदा घेतलं. चौऱ्याण्णव, चौऱ्याण्णव.

कागद हातात घेऊन मी दिवेकरांच्या केबिनकडे निघाले. हे अगदी खरं आहे की मी सांगायलाच निघाले होते. जिना चढताना वाक्य जुळवत होते, की साहेब, माझ्याकडून एक चूक झाली आहे.

ते फोनवर होते. मला हातानेच बसा म्हणाले. फोनवर बोलणं आमच्याबद्दलच चाललं होतं, मुंबईच्या ऑफिसशी. "रिपोर्ट अगदी चोख आहे," ते सांगत होते. "नाही, नाही, त्यात शंकाच नको. आमची मुलगी आहे ना, टाकसाळांसारख्या माणसाला तोंडावर नाही म्हणाली ती." फोन ठेवून ते हसले आणि म्हणाले, "तुमच्याबद्दलच चाललं होतं. पुढच्या महिन्यापासून दोन्ही सेल तुम्ही बघायचे. मी नाव दिलंय. बोला, काय म्हणत होता?"

त्या विभागात बाई आली तेव्हा कोण काय म्हणालं होतं ते मला माहीत होतं. आता कोण काय म्हणेल तेही डोळ्यांसमोर आलं. ज्या मुलीने टाकसाळांना पुस्तिका दाखवली, तिनेच पुस्तिका पाळली नव्हती.

"काही नाही, साहेब," मी म्हटलं. "शुक्रवारची सुट्टी हवी होती."

खाली आले तेव्हा शफीकभाई नळ्या काढत होते.

"सांगितलं का साहेबांना?"

"ते माप धरता येणार नाही, शफीकभाई. इंजिन सहा दिवस उभं होतं, नीट तापलं नव्हतं. रजिस्टरला घेऊ नका."

आम्ही दोघांनी मिळून ते अर्धा तास तापवलं होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, हातातला पाना पुसला.

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम."

त्या दिवसापर्यंत ते माझी चेष्टा करायचे, डब्यातलं काही काही आणून द्यायचे. त्यानंतर सात-आठ वर्षं आम्ही एकाच विभागात काम केलं. कामात त्यांनी कधी कुचराई केली नाही, पण कामाशिवाय एक वाक्यही ते माझ्याशी बोलले नाहीत. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितलीही नाही. सांगितली असती तर बरं झालं असतं, असं मला पुष्कळदा वाटलं.

जूनमध्ये चार सिलिंडरचे साचे भंगारात गेले. तयार झालेली अकरा इंजिनं कापून टाकली, तशी पद्धतच असते. सरांच्या सहा माणसांपैकी चौघांना पुण्याला पाठवलं, दोघं सोडून गेले. सरांना सुट्या भागांच्या विभागात बसवलं, जिथे जुन्या गाड्यांच्या भागांची यादी करायची असते. ऑगस्टमध्ये त्यांनी राजीनामा दिला. शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना भेटत भेटत माझ्या टेबलापाशी आले.

"येतो मग," ते म्हणाले. "काम चांगलं करतेस. असंच कर."

नवी गाडी आली, विकलीही गेली. वाईट गाडी नव्हती. फक्त गाडी भरलेली असली आणि एसी चालू असला की चढावर दमते, अशी पत्रं यायची. चाळीसगावहून, आंबेजोगाईहून, साताऱ्याकडून. ती पत्रं उत्तरासाठी माझ्याकडे यायची, कारण तोवर मी विभागप्रमुख झाले होते. "आपल्या वाहनाचा टॉर्क ठरलेल्या मर्यादेत आहे," असं मी लिहून द्यायची.

दोन हजार सतराच्या जानेवारीत शफीकभाई वारले. मी तोवर पुण्याला नोकरीला होते, फोनवर कळलं. त्या रात्री मला झोप आली नाही, आणि का येत नाही हे माझ्या सकाळी लक्षात आलं. आता त्या चौऱ्याण्णवची गोष्ट माझ्याशिवाय कुणालाही माहीत नव्हती. मी नाही बोलले तर ती घडलीच नव्हती असं होणार होतं. पुढच्या रविवारी मी गाडी काढली आणि पैठणला गेले. टाकसाळ सर तिथे राहतात, काही वर्षं तिथल्या आयटीआयमध्ये शिकवत होते, असं ऐकून होते.

दार त्यांच्या बायकोने उघडलं. मी नाव सांगितलं.

"ज्योत्स्ना? ज्योत्स्ना खरात?" काकू म्हणाल्या. "अगं बाई, या, या. किती ऐकलंय तुमच्याबद्दल. आयटीआयच्या पोरांना दरवर्षी सांगायचे हे. एक मुलगी होती आमच्याकडे, मी तिला नियम वाकवायला सांगितला तर माझ्या तोंडावर नाही म्हणाली म्हणून. तिच्यासारखं काम करा म्हणायचे."

सर बाहेर आले. वाळले होते, चालताना भिंतीचा आधार घेत होते, पण शर्ट तसाच, इस्त्रीचा. माझ्या येण्याने ते मनापासून खूश झाले होते. माझ्या मुलाचं विचारलं, पुण्याच्या कामाचं विचारलं. हल्ली तीन सिलिंडरचीच इंजिनं सगळीकडे आहेत म्हणाले, टर्बो लावून चांगलीही झाली आहेत म्हणाले. काकू चहा टाकायला आत गेल्या.

"सर, मला त्या तुलनेबद्दल बोलायचं आहे."

"ते कशाला आता?"

"तीन सिलिंडरचं इंधन चुकीचं होतं. निळा ड्रम लावलेला होता."

मला वाटलं होतं ते दचकतील. त्यांनी शांतपणे मान हलवली.

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "त्या आलेखावरच दिसत होतं. एवढ्या उष्णतेत त्या इंजिनाची रेघ सरळ राहणं शक्यच नव्हतं. कुठे तरी खाली वाकायलाच पाहिजे होती ती."

"मग तुम्ही जोर का नाही धरलात, सर?"

"विचारलं होतं की मी. एकदा. दुसऱ्यांदा विचारायला तोंड लागतं. मी स्वतः पाच दिवसांपूर्वी खोटं माप मागितलं होतं, आणि ते सगळ्यांना कळलेलं. माझ्या खऱ्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवणार? आणि का ठेवावा?" ते थोडं हसले. "ते माझं मला भोवलं. तुझा काय दोष? तुला थोडंच माहीत होतं? पोरीने भरवशाने लिहिलं, व्हॉल्व्ह बघायचा राहिला असेल. मी घरी येऊन हिलाही तेव्हाच सांगितलं, की चूक झाली असेल, पण ती मुलगी खोटं लिहिणारी नाही. एवढं एक बरं वाटायचं, की मी निदान एक माणूस तरी नीट शिकवून ठेवलं."

आतून कपबशांचा आवाज येत होता. मी इथे थांबले असते तरी चाललं असतं. त्यांनीच मला वाट काढून दिली होती. चहा घेऊन, पाया पडून मी परत जाऊ शकत होते.

"सर, मला माहीत होतं," मी म्हटलं. "बैठकीनंतर दोन दिवसांनी कळलं. शफीकभाईंनी दाखवलं. आम्ही साध्या पेट्रोलवर परत मोजलं. तुमचं इंजिन पुढे होतं. मी तो कागद घेऊन दिवेकरांच्या केबिनपर्यंत गेले, आणि सुट्टी मागून परत आले."

ते माझ्याकडे बघत राहिले. मी आणखीही बरंच बोलणार होते, वाक्यं तयार होती, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून पुढचं आलं नाही.

"बुधवारी?" त्यांनी विचारलं.

"हो."

"तोवर साचे होते."

"हो, सर. जूनपर्यंत होते."

त्यांनी खुर्चीच्या हातांवर जोर दिला आणि उठले. मी हात पुढे केला तर त्यांनी तो घेतला नाही. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत ते आतल्या खोलीत गेले आणि दार लोटून घेतलं.

काकू चहा घेऊन आल्या. रिकाम्या खुर्चीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं, आणि ट्रे तसाच हातात धरून त्यांच्या खोलीत गेल्या. बराच वेळ गेला. आतून काकूंचा हळू आवाज येत होता. सरांचा येत नव्हता. मग त्या बाहेर आल्या, दार मागे नीट लावून घेतलं.

"झोप लागलीय त्यांना," त्या म्हणाल्या.

दारापलीकडे ते खोकले. आम्हा दोघींनाही ऐकू आलं.

"बरं," मी म्हटलं, आणि चपला घातल्या.